पेटीला बोलू द्या

"रिपोर्टात तांबोळीचं नाव घातलंय," खांबेटे सर म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "तू फक्त वाचून घे. तीन वाजता नागपूरच्या वडनेरे मॅडम येतायत. त्यांच्यासमोर सगळ्यांचं बोलणं एक आलं पाहिजे."

मी वाचलं. 'दोषाचे मूळ कारण' या रकान्यात लिहिलं होतं, की चाचणी विभागातले उस्मान तांबोळी यांनी भाराची चाचणी हलगर्जीपणे केली. खाली उपायांच्या दोन ओळी होत्या. संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्यात आलं आहे, ही पहिली. पेटीची भार सांगणारी खूण यापुढे कायम 'ठीक' अशीच जाईल, ही दुसरी.

"कमी केलंय?" मी विचारलं. "त्यांना माहीत आहे?"

"संध्याकाळी सांगू," सर म्हणाले.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि पुण्यात बावधनला एका लहानशा कंपनीत सर्व्हरच्या मेमरीचं काम करत होते. फटकळ म्हणून माझी ख्याती होती, पण ती कँटीनपुरती. आमटीत मीठ कमी पडलं तर मी सगळ्यांच्या वतीनं भांडायचे. कामाचा विषय निघाला की मात्र सरांसमोर माझ्या तोंडून 'होईल सर' याशिवाय काही निघत नसे. हे आज सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

आमची पेटी काय होती ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चार सर्व्हरनी मिळून वापरायची एक मोठी मेमरी त्या पेटीत होती. सर्व्हर तिच्याकडे माहिती मागत, ती देई, आणि दर उत्तराला जोडून एक बारकी खूण पाठवी: हलकं, ठीक, जड, फार जड. आपल्यावर किती काम पडलंय हे ती आपण होऊन सांगायची. 'जड' आलं की सर्व्हरनं मागण्या जरा कमी करायच्या, 'फार जड' आलं की चांगल्याच आवरायच्या. माझ्या मावशीची साताऱ्याला खानावळ होती. तिथे भाकऱ्या थापणाऱ्या काशीबाई आतून हाळी द्यायच्या, "थांबा जरा, तवा भरलाय." मग बाहेरचा माणूस नवी पंगत बसवायचा नाही. तेवढीच ही गोष्ट, फक्त इथे ती सेकंदाला लाखो वेळा घडते. ती खूण पाठवणारा प्रोग्राम मी लिहिला होता.

नागपूरची एक कंपनी तीसेक इस्पितळांचे सीटी स्कॅन साठवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं काम करत असे. त्यांनी आमच्या पेट्या घेतल्या होत्या. वडनेरे मॅडम त्यांच्याच. दहा दिवसांपूर्वी भर दुपारी त्यांचे चारही सर्व्हर एकदम ठप्प झाले. अकरा मिनिटं कुठल्याच डॉक्टरला एकही स्कॅन दिसला नाही. एका इस्पितळात डोक्याला मार लागलेला ट्रकड्रायव्हर टेबलावर होता. डॉक्टर धावत स्कॅनच्या खोलीत गेले, तिथल्या मशीनच्याच पडद्यावर बघून त्यांनी निर्णय घेतला आणि ड्रायव्हर वाचला. नागपूरच्या नोंदींत एवढंच दिसत होतं, की पेटीकडून 'फार जड' आलं आणि लगेच चारही सर्व्हर बसले. साहजिकच सगळे म्हणू लागले, की ही खूणच घातकी आहे.

"म्हणून तिचं तोंडच बंद करायचं," सर म्हणाले. "काही झालं तरी तिनं 'ठीक' म्हणायचं."

मी विचारलं, की मग खरोखर भार वाढला तर सर्व्हरला कळणार कसं. ते मागतच राहतील, मागण्या पेटीच्या दाराशी तुंबतील आणि त्यातल्या काही हरवतीलही. सर म्हणाले, की एवढा भार वर्षातून दोनदा येतो, तेव्हाचं तेव्हा बघू. मग त्यांनी आवाज खाली आणला. सरांनी आवाज खाली आणला की समजायचं, आता ते आपल्याला काहीतरी देणार आहेत.

"हेमलता, एप्रिलपासून टीम तुझ्याकडे येतेय. तांबोळीला काय, कुठेही नोकरी मिळेल. तीन ओळींचा बदल आहे. मीटिंगच्या आत करून टाक."

"होईल सर," मी म्हटलं.

केबिनमधून जागेवर जाताना वाटेत तो पांढरा फळा लागायचा. सरांची ती फार लाडकी पद्धत होती. रोज पावणेदहाला सगळ्यांनी फळ्यापुढे उभं राहायचं आणि आपल्या नावापुढे एक लोहचुंबकाची चकती लावायची. काम बेताचं असेल तर हिरवी, जास्त असेल तर पिवळी, झेपत नसेल तर लाल. मग सर फळ्याचा फोटो काढून वर पाठवायचे. पहिल्याच महिन्यात शलाका नावाच्या एका मुलीनं लाल लावली. सरांनी तिला केबिनमध्ये नेलं, चहा पाजला, फार प्रेमानं बोलले, आणि दुपारी बाहेर येऊन तिनं स्वतःच्या हातानं हिरवी लावली. दोन महिन्यांनी तिची बदली झाली. त्यानंतर कुणाला काही शिकवावं लागलं नाही. लाल चकत्यांच्या दुसऱ्या पाकिटावरचं प्लॅस्टिक शेवटपर्यंत कुणी फाडलं नाही.

जागेवर बसून मी माझी फाइल उघडली. वर्षभरात तिला मी हात लावला नव्हता. खूण कुठून निघते ते शोधत खाली खाली गेले आणि एका ओळीपाशी थांबले. ओळीच्या शेवटी टिपण होतं: 'तात्पुरतं. डेमो झाला की काढणे. हे. भो.'

हे. भो. म्हणजे मीच, हेमलता भोईटे.

मग सगळं आठवलं. नागपूरकरांना पेटी पहिल्यांदा दाखवायची होती, त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. पडद्यावर पेटीचा भार दाखवणारा दिवा सारखा लुकलुकत होता, हिरवा, लाल, हिरवा, लाल. लुकलुकणारच, कारण भार तसाच वरखाली होतो. सर म्हणाले, की गिऱ्हाइकासमोर हे बरं दिसत नाही, जरा शांत कर. मी एका सेकंदाची सरासरी काढायची ओळ घातली आणि दिवा शांत झाला. ती सरासरी नुसत्या पडद्यासाठी काढायला हवी होती. मी ती मुळातच घातली, त्यामुळे सर्व्हरला जाणारी खूणही सरासरीतून जाऊ लागली. म्हणजे पेटीच्या गळ्याशी आलेलं असायचं आणि ती मागच्या अख्ख्या सेकंदाचा हिशेब मांडत बसायची. ती 'फार जड' म्हणेपर्यंत दाराशी लाखोंची रांग तुंबलेली असायची. खुणेनं सर्व्हर बसवले नव्हते. खूण उशिरा पोचल्यामुळे ते बसले होते.

एका इस्पितळात माणूस टेबलावर असताना त्याचा स्कॅन माझ्या एका ओळीनं अडवला होता, आणि मी ती ओळ विसरूनही गेले होते. त्याच्यासाठी दुसऱ्याच माणसाची नोकरी जाणार होती.

मी उठले आणि थेट चाचणीच्या खोलीत गेले. पंख्यांचा घोंघाट असलेली ती थंडगार खोली होती आणि उस्मानभाई तिथे बारा महिने तपकिरी स्वेटर घालून बसायचे. मिरजेचा माणूस, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, डिप्लोमा करून पुण्यात आलेले. कमी बोलायचे आणि सगळ्यांना, अगदी नव्या पोरींनाही, ताई म्हणायचे.

मी दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. रिपोर्टात त्यांचं नाव आहे, संध्याकाळी त्यांना काढणार आहेत, आणि चूक माझी आहे, माझ्या एका ओळीची. त्यांनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून दिसेना.

"खूण उशिरा जाती, तेच ना?" ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ओळ न्हवती माहीत. खूण उशिरा येती, ते दिसलं होतं. गेल्या साली, चाचणी घेतली तवाच."

त्यांनी खणातून एक कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं काढलेल्या दोन रेघा होत्या. एक भाराची, दुसरी खुणेची, आणि दुसरी पहिलीच्या चांगली मागून चढत होती. कोपऱ्यात तारीख होती. चाचणीच्या यादीत प्रश्न एवढाच होता, की 'फार जड' ही खूण येते का. येत होती. किती वेळात येते, हे यादीनं विचारलंच नव्हतं. म्हणून त्यांनी पास असं लिहिलं.

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता.

"आलतो की तुमच्या जागेवर, हा कागद घेऊन." ते स्वेटरची बाही खाली ओढत राहिले. "तुम्ही एका हातानं टायपत होता, दुसऱ्या हातानं फोन धरून पोरग्याच्या तापाचं विचारत होता. समोर डबा तसाच, उघडलेला न्हाई. तीन कामं होती तवा तुमच्यावर. मी म्हटलं, कसं चाललंय ताई? तुम्ही म्हणालात, मस्त. मग म्हटलं, आज नको. ह्यांच्यावर आणि एक कशाला टाकायचं. डेमो झाल्यावर सांगू. डेमो झाल्यावर मला दुसऱ्या पेटीवर टाकलं, आणि ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

मला भयंकर राग आला. असा राग मला पुन्हा कधी आला नाही. कुणावर ते नीट कळत नव्हतं म्हणून तो त्यांच्यावरच निघाला.

"माझी दया केलीत तुम्ही? कुणी सांगितलं होतं? कागद माझ्या तोंडावर फेकायचा होता."

"फेकला असता तर काय म्हणाला असता?"

होईल म्हणाले असते. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या आठवड्यातले सगळे दिवस मी पावणेदहाला फळ्यापुढे उभी राहून, रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी, स्वतःच्या नावापुढे हिरवी चकती लावली होती.

"आता तुम्ही काही बोलू नका," उस्मानभाई म्हणाले. "पोरगं लहान हाय तुमचं. मी बघतो माझं."

"तुमचं बघणं पुरे झालं," मी म्हटलं आणि तो कागद घेऊन बाहेर पडले.

तीन वाजता वडनेरे मॅडम आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या आणि वही उघडली. खांबेटे सरांनी पडद्यावर रिपोर्ट लावला. उस्मानभाई टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांना नुसतं यायला सांगितलं होतं, कशाला ते सांगितलं नव्हतं. सर छान बोलले. त्यांचं बोलणं नेहमीच छान असायचं. मूळ कारणाच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी खेद वाटल्यासारखा चेहरा केला आणि तांबोळींचं नाव वाचलं. उस्मानभाई टेबलाकडे बघत राहिले.

मी उभी राहिले.

"मॅडम, हे खरं नाही."

"हेमलता, आपण नंतर बोलू," सर म्हणाले.

"नंतर नको सर. नंतर बोलायचं म्हणूनच हे झालंय."

मी कागद वडनेरे मॅडमपुढे ठेवला आणि सांगायला लागले. दिवा, सरासरी, ती ओळ, माझं टिपण, काही म्हणता काही लपवलं नाही. पेटीनं खोटं सांगितलं नाही, तिला मी उशिरा बोलायला लावलं, आणि आता तुम्ही तिला कधीच बोलू देणार नाही असं ठरवताय, असंही म्हटलं. मॅडमनी त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं.

"आणि खूण कायमची 'ठीक' करून दिली असती, तर?"

"तर पुढच्या वेळी अकरा मिनिटांवर भागलं नसतं. आणि कशानं झालं ते तुम्हाला कधी कळलंही नसतं."

सरांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज शांतच होता. ते म्हणाले, की ताणात माणूस काहीही बोलतो, हेमलताची मनःस्थिती ठीक दिसत नाही. मग माझ्याकडे वळले.

"एवढं काम झेपत नव्हतं, तर तेव्हा सांगायचं होतंस. तुझ्या नावापुढे रोज हिरवं आहे. माझ्याकडे प्रत्येक दिवसाचा फोटो आहे."

"असणारच," मी म्हटलं. "सगळ्यांच्याच नावापुढे हिरवं आहे, दोन वर्षं. चौदा माणसं, आणि दोन वर्षांत एकालाही एक दिवस काम जास्त झालं नाही. तुम्हाला कधी प्रश्न पडला नाही, सर? शलाकानं एकदा खरं सांगितलं, तिला तुम्ही चहा पाजलात आणि घालवलीत. तेव्हापासून आम्ही सगळे खोटं बोलतोय. मी सर्वांत जास्त बोलले, कारण मला टीम हवी होती. आम्हाला गप्प केलंत ते आम्ही ऐकून घेतलं. आता ती पेटी तरी खरं बोलतेय, तिला नाही गप्प करू देणार मी. ती ओळ मी काढणार. त्या तीन ओळी मी घालणार नाही, आणि दुसऱ्या कुणी घातल्या तर मॅडमना कळवीन. काय करायचं ते करा."

मग टेबलाच्या टोकाची खुर्ची सरकली.

"मला उशीर दिसला होता," उस्मानभाई उभे राहून म्हणाले. "पास लिहायला नको होतं. यादीत विचारलं न्हवतं म्हणून लिहिलं, आणि दया आली म्हणून सांगितलं न्हाई. माझी चूक तेवढी माझ्या नावावर लिवा. पण हलगर्जी म्हणू नका. हलगर्जी मी केलेली न्हाई."

वडनेरे मॅडमनी आम्हा दोघांकडे बघितलं. मला वाटलं, आता या पिशवी उचलतील आणि नागपूरला जाऊन सगळ्या पेट्या परत पाठवतील. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"दुरुस्ती कधी मिळेल?"

"आज संध्याकाळी," सर लगेच म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं," मॅडम म्हणाल्या. "ज्यांनी लिहिलं त्यांना विचारून राहिले मी."

होईल, हा शब्द माझ्या जिभेवर आयता बसलेला होता. इतकं सगळं बोलून झाल्यावरही तोच आधी वर आला. मी तो गिळला.

"नाही होणार," मी म्हटलं. "ओळ काढायला दोन मिनिटं लागतात. पण तुमच्याइतका भार घालून, खूण खरंच वेळेवर पोचते का, हे बघायला तीन आठवडे लागतील. आणि मला एकटीला ते झेपणार नाही. उस्मानभाई लागतील."

सर काहीतरी म्हणायला लागले. मॅडमनी त्यांच्याकडे न बघता वहीत लिहिलं, तीन आठवडे, आणि त्याखाली आमची दोघांची नावं. तोवर एका पेटीला दोनच सर्व्हर जोडू, स्कॅन जरा सावकाश उघडतील पण अडणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी सरांना एवढंच सांगितलं, की यापुढे या कामाबद्दल त्या या दोघांशी बोलतील, आणि दोघांपैकी एक जण जरी कमी झाला तर पेट्या परत येतील.

ती मीटिंग झाल्यावर सर माझ्याशी कामापुरतंही बोलेनासे झाले. एप्रिलमध्ये टीम एका तिसऱ्याच माणसाला मिळाली. वाईट वाटलं, नाही असं नाही. मी बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन रडलेसुद्धा. दीड वर्षानं मी ती कंपनी सोडली आणि मला त्याचा एक क्षणही पश्चात्ताप झाला नाही. उस्मानभाई मात्र तिथूनच निवृत्त झाले.

पण ते सगळं नंतरचं. त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघं त्या थंड खोलीत समोरासमोर बसलो. मी माझ्यासाठीही एक स्वेटर आणून ठेवला. ते भार वाढवायचे, मी खूण बघायचे, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता ते मला विचारायचे, ताई, खरं सांगा. मी खरं सांगायचे. सुरुवातीला जड गेलं.

चौदाव्या दिवशी एक नवीनच भानगड निघाली. भार ओसरल्यावर खूण खाली यायला वेळ लावत होती. उस्मानभाईंनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, हे आजच सांगून टाकतो. आम्ही हिशेब केला. एकवीस दिवसांत बसत नव्हतं, अजून चार लागणार होते. मुदतीला पूर्ण आठवडा होता, काहीतरी करून ओढून नेता आलं असतं, निदान पूर्वी मी तसं नक्की म्हटलं असतं. मी जेवायच्या सुट्टीआधी नागपूरला फोन लावला.

"मॅडम, हेमलता भोईटे बोलतेय. तीन आठवडे म्हटलं होतं, पण पंचवीस दिवस लागतील."

मला वाटलं, आता ओरडा बसणार.

"आत्ताच सांगितलं ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "आता मला तजवीज करता येईल."